खोड काढणारं गिऱ्हाईक

अण्णा मगदूम वर्षातून एकदा सगळ्या सभासदांची माफी मागत आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षीच्या माफीची तयारी सुरू करत.

सभासद म्हणजे इंटरनेटवरच्या एका मराठी वाचक गटाचे. दोन हजार सालाच्या आगेमागे असे गट ईमेलवर चालत. कुणी एखादं पुस्तक वाचलं की त्याबद्दल चार ओळी लिहायच्या, त्या सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडायच्या आणि मग उरलेल्यांनी आपापलं मत द्यायचं. गटाचे नियामक पुण्याचे होते. सभासद नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले होते. कोल्हापुरातून आम्ही दोघेच. एक मी, जो क्वचित लिहीत असे. दुसरे राजारामपुरीतल्या आमच्याच गल्लीतले अण्णा, जे थांबत नसत.

अण्णा जैन. पर्युषण संपलं की त्यांच्यात क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याची माफी त्या दिवशी मागायची, अशी रीत. अण्णा ती गटावर पाळत. "सर्व सभासदांना उत्तम क्षमा. माझ्या लिहिण्यानं कुणाला लागलं असंल तर माफ करा. आपला, अ. मगदूम, कोल्हापूर." यावर भराभर उत्तरं येत. काका, लाजवू नका. काका, तुम्ही आहात म्हणून गटात जान आहे. दुसऱ्या दिवशी हेच काका ठाण्याच्या एखाद्या भल्या सभासदाला लिहीत, "पावणं, तुम्ही सुचवलेलं पुस्तक वाचलं. पुस्तक हाय का पोतं?"

'पावणं' या शब्दावर न्यू जर्सीच्या एका बाईंनी तक्रार केली होती. ही शिवी असावी असा त्यांचा समज झाला होता. नियामकांनी मला विचारणा केली, कारण मी वृत्तपत्रात उपसंपादक होतो आणि गावचा होतो. मी कळवलं की आमच्याकडे अनोळखी माणसाला असंच म्हणतात. त्यात आदर असतो, फक्त आवाज मोठा असतो.

अण्णांचं आयुष्य इचलकरंजीत कापड तपासण्यात गेलं होतं. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड विकत घ्यायचं आणि पुढं पेढ्यांना द्यायचं, हा त्यांचा धंदा. हे कापड तिरक्या टेबलावरून उजेडासमोर ओढत नेतात आणि तपासणारा त्यावर नजर ठेवून उभा असतो. कुठं उभा धागा तुटलाय, कुठं आडवा ढिला पडलाय, कुठं तेलाचा डाग आहे, कुठं गाठ आहे. निर्दोष माल तो फ्रेश. खोड निघाली की सेकंड. अण्णा सकाळच्या एसटीनं इचलकरंजीला जात आणि दिवस मावळायच्या आत परत येत, कारण दिवस मावळल्यावर ते जेवत नसत. पाणीही घरून गाळून नेलेलंच पीत. तोंडाला पांढऱ्या कापडाची घडी बांधलेली त्यांची बाटली गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होती.

धंदा सोडल्यावर टेबल गेलं, नजर राहिली. पुस्तकांच्या दुकानात अण्णा कुठलंही पुस्तक आधी उघडून एक पान खिडकीकडे धरत. डोळे बारीक करून त्यातून आरपार बघत. दुकानदारानं एकदा न राहवून विचारलं, "काय दिसतंय अण्णा त्यातनं?"

"मागचं पान," अण्णा म्हणाले आणि पुस्तक घेतलं.

त्यांची मतंही टेबलावरचीच. "उभा धागा मजबूत. आडवा ढिला. तिसऱ्या प्रकरणात लेखकाला झोप लागलीया, माग तसाच चालू. सेकंडात काढा." एका गाजलेल्या कादंबरीबद्दल त्यांनी फक्त एवढंच लिहिलं, "कांजी लई. धुतल्यावर काय उरंल?" त्या कादंबरीचे चाहते गटात पुष्कळ होते. त्यांनी आठवडाभर उत्तरं लिहिली. अण्णांनी एकालाही प्रत्युत्तर दिलं नाही. म्हणाले, "त्यास्नी इस्त्री करू द्या."

हे सगळं लिहिलं जाई ते शिंदे वहिनींच्या कॅफेत. घराच्या पुढच्या खोलीत आधी त्यांचा फोन बूथ होता. नंतर तिथं प्लायवूडचे आडोसे घालून संगणक मांडले. त्या काळी गटावर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागे. अण्णांना हे पटत नसे. "धोतरातली भाषा पँटीत घातलीया ह्यांनी," असं ते म्हणत आणि एकेक अक्षर हुडकून दोन बोटांनी ठोकत. आवाज रस्त्यापर्यंत येई.

"अण्णा, कीबोर्ड हाय त्यो, माग न्हाय," वहिनी आतून ओरडत. "हळू मारा की."

"माग असता तर आतापर्यंत लुगडं निघालं असतं तुमच्यासाठी."

"मग काढा की! नुसतं दुसऱ्याचं उसवताय."

दुपारचं ऊन कलायला लागलं की अण्णा उठत. अमेरिकेतल्या सभासदांचा दिवस तेव्हा उजाडलेला नसे. त्यांची रागावलेली उत्तरं रात्रीतून येऊन पडत आणि अण्णांना दुसऱ्या दिवशी दुपारी थंडगार मिळत. भांडणात त्यांचाच शब्द शेवटचा राहण्याचं हे एक कारण होतं.

गटातल्या लोकांना एक गोष्ट कधी कळली नाही, ती इथं सांगितली पाहिजे. अण्णा ज्या पुस्तकाची खोड काढत ते पुस्तक त्यांनी विकत घेतलेलं असे. त्यांच्या धंद्यात एक नियम होता आणि तो ते मला वारंवार ऐकवत. "चांगलं हाय, चांगलं हाय म्हणणारं गिऱ्हाईक पुढं निघून जातंय. खोड काढतंय ते गिऱ्हाईक खरं. त्येला माल पायजे असतोय, म्हणून तर खोड काढतंय." विकणाऱ्यानं मालाची बाजू घ्यायची, घेणाऱ्यानं खोड काढायची, आणि भांडता भांडता सौदा जमवायचा. विकणाऱ्यानं खोड मान्य केली तर मात्र सौदा मोडला. मग दोघांनी गप उठायचं.

हा नियम अण्णांच्या घरातही होता. त्यांची बायको मुलगी लहान असतानाच वारली. मुलीचं नाव त्रिशला. अण्णांनीच तिची वेणी घातली, तिच्या वह्यापुस्तकांना जूनमध्ये खाकी कव्हरं घातली, आणि तिला वाचायला लावलं. इचलकरंजीहून आले की उंबऱ्यात चपला काढता काढता ते म्हणत, "विक बघू." मग त्रिशलानं त्या दिवशी जे वाचलं असेल ते विकायचं. गोष्ट काय, चांगली का, घ्यावी का. अण्णांनी खोड काढायची. "राजाला तीनच राण्या का? चौथीनं काय पाप केलंय?" त्रिशला कमरेवर हात ठेवून भांडायची. हे सगळं दिवस मावळायच्या आत, जेवणाच्या पाटावर. गल्लीतल्या लोकांना ती दोघं रोज भांडतात असं वाटे. मलाही वाटे.

विद्यापीठात शिकताना त्रिशलानं मिलिंद कांबळे या मुलाशी लग्न ठरवलं. तो गडमुडशिंगीचा, बौद्ध कुटुंबातला, तिच्याच वर्गातला. अण्णांनी मुलगा बघितला नाही, त्याचं घर बघितलं नाही. पुस्तक उजेडाकडे धरल्याशिवाय न घेणारा माणूस, पण इथं त्यांना उजेडाची गरज वाटली नाही. नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. दोघं पाया पडायला आली तेव्हा अण्णांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, "ह्या घराचा धागा तुटला. परत हिकडं यायचं न्हाय." ती दोघं थोडा वेळ बाहेर उभी होती. मग गेली. पुढं ती नागपूरला राहायला गेल्याचं कळलं. अण्णांकडे तिचं नाव कुणी काढत नसे.

त्यानंतर काही वर्षांनी गटात एक नवं नाव आलं. त्या दुपारी मी कॅफेत होतो. अण्णांच्या आडोशातला ठोकण्याचा आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही. वहिनींनी आतून विचारलं, "अण्णा, लाइट गेली काय?" मी डोकावून बघितलं. पडद्यावर एका नव्या सभासदाचं पत्र होतं. कोकणातल्या एका शाळेवरचं पुस्तक सुचवलं होतं. खाली नाव होतं, त्रिशला कांबळे, नागपूर. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. "मी विकते आहे. बघा कुणी घेतंय का."

अण्णा त्या दिवशी काही न लिहिता उठले. थेट पुस्तकांच्या दुकानात गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी गटावर लिहिलं, "शाळेचं पुस्तक वाचलं. मास्तर लई गोड. एवढा गोड मास्तर म्या तरी बघितला न्हाय. शाळंत एकबी छडी न्हाय, म्हंजे शाळा हाय का देऊळ?" दुसऱ्या दिवशी त्रिशला कांबळे यांचं उत्तर आलं. "श्री. मगदूम, मास्तर गोड नाहीत, थकलेले आहेत. पुन्हा वाचा." अण्णांनी पुन्हा वाचलं.

पुढं हे चालूच राहिलं. तिनं पुस्तक सुचवायचं, यांनी खोड काढायची, तिनं बाजू घ्यायची. ती त्यांना 'श्री. मगदूम' लिही, ते तिला 'त्रिशलाबाई'. बाकी सगळ्यांना पावणं म्हणणाऱ्या माणसानं तिला कधी पावणं म्हटलं नाही. गटाला वाटत होतं की कोल्हापूरचा हा म्हातारा नागपूरच्या एका सभासद बाईंच्या मागे हात धुऊन लागला आहे. दोघं बाप-लेक आहेत हे फक्त मला माहीत होतं. तिनं सांगितलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, मग मीही सांगितलं नाही. या भांडणापलीकडे दोघांमध्ये एक अक्षरही जात नव्हतं. फोन नाही, पत्र नाही, दिवाळी नाही.

अण्णांच्या घरी मी तेव्हा गेलो होतो. तिनं सुचवलेली पुस्तकं एका फळीवर वेगळी लावली होती. सगळ्यांना खाकी कव्हरं घातलेली होती, कोपरे नीट दुमडलेले.

त्या वर्षी क्षमावाणीला अण्णांचं नेहमीचं पत्र गेलं. सर्व सभासदांना उत्तम क्षमा. नेहमीची उत्तरं आली. एक उत्तर नेहमीचं नव्हतं. "श्री. मगदूम, मी घाऊक माफी घेत नाही. किरकोळीत असेल तर बघू. त्रिशला कांबळे."

गटात हशा झाला. काहींना ते उद्धट वाटलं. अण्णा पडद्याकडे बघत बसले होते. मला म्हणाले, "बरोबर हाय तिचं." मग विचारलं, "तुमच्या पेपरात चुकीचं छापून आलं तर माफी कशी मागतासा?"

मी म्हणालो, आतल्या पानावर, बारीक टायपात, 'खुलासा' असा मथळा देऊन. ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव शक्यतो टाळतात.

"म्हंजे माझ्यासारखंच की," अण्णा म्हणाले.

"मग नाव घेऊन मागा. एक ओळ तर लिहायची."

"नाव घ्यायला तोंड पायजे. हितं नुसती बोटं हाईत, तीबी दोनच."

पुढच्या क्षमावाणीला त्यांनी पुन्हा घाऊक पत्र पाठवलं. तिनं काही लिहिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ते पत्र लिहायला बसले. वहिनींनी चहा विचारला तर नको म्हणाले. 'त्रि' एवढं लिहिलं, पुसलं, आणि 'सर्व सभासदांना' लिहिलं. त्या दिवशी जाताना म्हणाले, "फुडल्या साली नक्की. फुडल्या साली नावानं मागतो."

पुढच्या सालातला उन्हाळा आला आणि त्रिशलानं गटावर एक आत्मकथन सुचवलं. एका बौद्ध बाईंनी लिहिलेलं. शिकायचा हट्ट धरला म्हणून बापानं तिला घराबाहेर काढलेलं असतं. ती शिकते, नोकरी करते, संसार करते. शेवटच्या प्रकरणात तो बाप म्हातारा होऊन तिच्या दारात येतो. उभा राहतो, रडतो, आणि ती त्याला आत घेते. त्रिशलानं पुस्तकाबद्दल फार लिहिलं नव्हतं. "शेवटचं प्रकरण मुद्दाम वाचा," एवढीच शिफारस होती. ती कुणासाठी होती, हे गटात कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. अण्णांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. मला वाटलं, आता क्षमावाणीची वाट बघायचं कारण उरलं नाही.

अण्णांनी पुस्तक घेतलं, वाचलं, कव्हर घातलं. मग कॅफेत येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी पुष्कळ ठोकलं.

"पुस्तक चांगलं हाय. ताणाबाणा दोन्ही मजबूत. पण शेवटचा धागा कच्चा. बाप आला, रडला, हिनं घरात घेतलं. एवढ्यात? येवढी वर्षं पोरगी उन्हात उभी हुती आन् ह्येचं दोन आसवांत भागलं? हिनं असल्या बापाला दारात उभं करायचं नव्हतं. बाईनं हितं स्वस्तात माल दिला. एवढी खोड नसती तर माल फ्रेश हुता."

मी ते वाचलं तेव्हा उशीर झाला होता. पत्र आधीच गेलेलं होतं.

दोन दिवसांत गट पेटला. एका दलित बाईनं स्वतःच्या आयुष्यात काय करायला हवं होतं, हे कोल्हापूरचा एक कापड व्यापारी शिकवणार काय, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं लिहिलं की हे गृहस्थ कांबळे बाईंच्या प्रत्येक पुस्तकाची खोड काढतात, बाकीच्यांच्या एखाद्याच, आणि याचं कारण आडनावात शोधावं लागेल. तिसऱ्यानं जुनी पत्रं काढून दाखवली. प्रत्येक पुस्तक, प्रत्येक खोड. नियामकांनी अण्णांना खुलासा मागितला.

मी बातमीच्या धंद्यातला माणूस. मला हा आरोप तपासून बघावासा वाटला. पुस्तकापुरता तो खोटा होता. माणसापुरता खरा होता. अण्णांनाही बहुधा तेच दिसलं असावं. त्यांनी खुलासा दिला नाही.

"लिहा की, ती माझी पोरगी हाय म्हणून," वहिनी म्हणाल्या. एव्हाना मी त्यांना सगळं सांगितलं होतं. "एका वळीत तोंडं बंद हुतील सगळ्यांची."

"आन् मग इच्यारतील, पोरगी तिकडं आन् तुमी हिकडं का? मग काय लिहू?" अण्णा म्हणाले. "माणसं खोटं बोलत न्हाईत वहिनी. उशिरा बोलाय लागल्यात एवढंच."

सगळे त्रिशलाच्या उत्तराची वाट बघत होते. तिनं बाजू घ्यायची, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता होता. तिचं उत्तर आलं. त्यात दोनच शब्द होते.

"खोड मान्य."

गटानं याचा अर्थ आपल्या परीनं लावला. बाईंनी कंटाळून वाद मिटवला, असं समजून नियामकांनी अण्णांना गटातून काढून टाकलं. पत्रात लिहिलं होतं की एका महिला सभासदाला सततचा त्रास दिल्याबद्दल ही कारवाई करण्यात येत आहे.

अण्णांनी ते पत्र वाचलंच नाही. ते वरच्या दोन शब्दांवर थांबले होते. "सौदा मोडला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "तिनं दार उघडं ठेवलंतं. आन् म्या दाराची खोड काढली."

त्यानंतर ते कॅफेत येईनासे झाले. वहिनींनी त्यांच्या आडोशातली खुर्ची हलवली नाही. पुस्तकांच्या दुकानदारानं मला दोनदा विचारलं, "अण्णा आजारी हाईत काय?"

पर्युषण आलं, संपलं. क्षमावाणीच्या सकाळी अण्णा माझ्या घरी आले. मी अजून गटात होतो. उभ्या उभ्या म्हणाले, "एवढं एक घाला माझ्या नावानं. किरकोळीतलं हाय." आणि सांगितलं. मी जसंच्या तसं लिहून पाठवलं.

"त्रिशला, तुझं दार म्या बंद केलं. चूक माझी. तुझ्या घरच्यांचीबी माफी मागायची हाय. अण्णा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. गटाला सगळं एकदम कळलं होतं आणि सगळे हेलावले होते. काका, आम्ही तुम्हाला ओळखलं नाही. काका, आम्ही क्षमा केली. ठाण्याच्या त्या पोत्याच्या पाहुण्यांनी क्षमा केली. न्यू जर्सीच्या बाईंनी क्षमा केली आणि वडील या विषयावर एक दीर्घ पत्र जोडलं. नियामकांनी सदस्यत्व सन्मानानं परत दिलं. मी सगळं छापून अण्णांकडे नेलं. त्यांनी एकेक कागद लांब धरून वाचला, पुन्हा पहिल्यापासून चाळला, आणि विचारलं, "ही कोण माणसं? ह्यांचं म्या काय वाकडं केलंय?"

ज्या नावाचं उत्तर हवं होतं, ते त्यात नव्हतं. मी नियामकांना विचारलं. त्यांनी कळवलं की त्रिशला कांबळे यांनी उन्हाळ्यातच, त्या वादानंतर, गट सोडला. पत्ता त्यांच्याकडे नव्हता. जो ईमेल होता तो बंद झाला होता.

"गडमुडशिंगीला तिचं सासर आहे," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचा रस्ता. तिथं पत्ता मिळेल."

"ठावं हाय की. बसवर पाटी वाचतोय की रोज." अण्णा म्हणाले. मग छापलेल्या कागदांची घडी घालत, "तुमी येतासा?"

त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही निघालो. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता, टोपी घातली होती. पिशवीत पाण्याची बाटली होती आणि खाकी कव्हरातलं ते आत्मकथन होतं. गावात उतरल्यावर मी वाट विचारली. विहाराच्या मागच्या बाजूला वस्ती होती. तिथं एका अंगणात एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोण पायजे, पावणं?"

"कांबळ्यांचं घर," अण्णा म्हणाले.

बाई हसल्या. "हितं समदीच कांबळं. कंच्या कांबळ्याचं?"

अण्णांना सांगता येईना. व्याह्यांचं नाव त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "मिलिंदचं."

"मिल्याचं व्हय! ह्येच की श्येजारचं." बाईंनी शेंगेनंच कुलूप लावलेल्या दाराकडे दाखवलं. "पर कोन न्हाय हितं. गेल्या दिवाळीला सून आली आन् म्हातारा-म्हातारीला नागपूरला घिऊन गेली. म्हनली, हितं एकटी काय करतासा. बसा की, उभं का?"

आम्ही बसलो. बाईंना बोलायला माणूस मिळालं होतं. "लई गुनाची सून. मानसाला धरून हाय. म्हातारीला आता वाचाय लावलंया बगा! फोनवर सांगत हुती. रोज सांजच्याला जेवायच्या आदी पुस्तक वाचून दावती आन् म्हंती, आई, आता ह्येच्यात खोड काढा." बाई शेंगा टाकून हसायला लागल्या. "म्हातारी काय खोड काडनार? ती म्हंती, लई चांगलं हाय. तर ही म्हंती, चांगलं म्हनू नगा, खोड काढा, खोड काढा. अशी कुठं रीत असती व्हय?"

अण्णा कुलपाकडे बघत होते.

"नागपूरचा पत्ता, फोन काही आहे?" मी विचारलं.

"त्येंचाच येतोय फोन, सनासुदीला. कोपऱ्यावरच्या दुकानात. म्या कुटं लिवून ठेवनार."

बाईंनी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि अण्णांपुढं धरलं. बाटली पिशवीत होती. त्यांनी ती काढली नाही. तांब्या दोन्ही हातांनी घेतला, वर न धरता तोंडाला लावला आणि सगळा प्याले.

आम्ही उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई अंगणाच्या कडेपर्यंत आल्या.

"फोन आला तर सांगते. कोन आलतं म्हनून सांगू?"

अण्णा चपला घालत होते. एक घातली, दुसरी तशीच राहिली. मी त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी पुन्हा विचारलं.

"गिऱ्हाईक आलतं म्हणून सांगा," अण्णा म्हणाले. "जुनं."

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी आम्हा दोघांना नव्यानं निरखलं, अण्णांची पिशवी बघितली, टोपी बघितली.

"घर इकायचं न्हाय त्यास्नी," त्या ठसक्यात म्हणाल्या. "आदीच सांगून ठिवते."

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "इकूबी नका म्हणावं." आणि दुसरी चप्पल घातली.

परतीची बस उशिरा आली. गांधीनगरच्या कापडपेठेत दुकानांचे दिवे लागले होते, बाहेर तागे रचलेले होते. अण्णांनी तिकडे बघितलं नाही. पिशवीतून पुस्तक काढलं, शेवटचं प्रकरण उघडलं आणि एक पान खिडकीकडे धरलं. दिवस मावळून गेला होता. त्यांचं त्या दिवशीचं जेवण राहिलं.